चित्रफलकावरची शकुंतला: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

विषय पक्का केला. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या सहाव्या अंकात दुष्यंतानं स्वतः काढलेलं शकुंतलेचं एक चित्र आहे. ते नुसत्या वर्णनावरून पुन्हा काढायचं. अंतिम चित्र नको, अभ्यासचित्रच. हाफ इम्पिरियल कागद, अपारदर्शक जलरंग.

प्रसंग असा: कोळ्याकडून अंगठी परत मिळाली, राजाला सगळं आठवलं, त्यानं वसंतोत्सव बंद केला आणि आता तो विदूषकाबरोबर माधवीमंडपात बसलाय. चतुरिका नावाची दासी चित्रफलक घेऊन येते. सानुमती ही अप्सरा अदृश्य राहून हे सगळं पाहते आहे, आणि चित्र बघताच तिला वाटतं की सखी समोरच उभी आहे.

शकुंतलेची चित्रं आपण लहानपणापासून पाहत आलोय. बहुतेकांत ती सुंदर असते आणि कुणाची तरी वाट बघत असते. या एका चित्राचं वर्णन मात्र वेगळं आहे. त्यात ती दमलेली आहे. मला ते बरेच दिवस खुपत होतं.

९ एप्रिल

ब्रशला हात लावला नाही, नुसतं वाचन.

चित्रात तीन बायका आहेत. विदूषक म्हणतो, तिघीही देखण्या, मग यातली शकुंतला कोणती? राजा उलट त्यालाच विचारतो, तुला कोणती वाटते? आणि विदूषक ओळखतो. केसांची गाठ सैल होऊन फुलं गळताहेत, चेहऱ्यावर घामाचे थेंब आहेत, दोन्ही बाहू ढिले पडलेत, पाणी घालून पालवी तुकतुकीत झालेल्या आंब्याशेजारी जी जराशी दमून उभी आहे, ती शकुंतला. उरलेल्या दोघी सख्या.

आज पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. या विदूषकानं शकुंतलेला कधी पाहिलेलंच नाही. दुसऱ्या अंकात राजा त्याला आश्रमापर्यंत येऊ न देता राजधानीला परत पाठवतो. पाचव्या अंकात ती दरबारात येते त्याच्या जरा आधी त्याला हंसपदिका राणीची समजूत काढायला धाडलेलं असतं. म्हणजे कालिदासानं दोनदा त्याला बाजूला ठेवलं, आणि मग चित्रासमोर आणून उभं केलं. चेहरा आठवून ओळखायची सोयच नाही. त्याला फक्त रंग आणि रेषा वाचायच्या आहेत.

आणि त्यानं सौंदर्यावरून ओळखलं नाही, थकव्यावरून ओळखलं.

१० एप्रिल

काल रात्री पुढचा प्रश्न आला: थकवा म्हणजे भाव की स्वभाव?

नाट्यशास्त्राप्रमाणे श्रम हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक, येऊन जाणारा. घाम, स्वेद, अंगावर आपोआप उमटणाऱ्या आठ सात्त्विक भावांपैकी. त्या हिशेबानं हा थकवा तासाभरात उतरेल. पण ती कशानं दमली? झाडांना पाणी घालून. पहिल्या अंकात ती सांगते, वडिलांनी सांगितलं म्हणूनच नाही, मला यांच्याविषयी सख्ख्या भावंडांसारखी माया आहे. चौथ्या अंकात कण्व झाडांचा निरोप मागताना म्हणतात, तुम्हाला पाजल्याशिवाय जी स्वतः पाणी पीत नाही. दमणं हे तिचं रोजचंच आहे, त्याचं कारण तिच्या स्वभावात आहे.

हे जर कागदावर उतरवायचं असेल तर नुसती मलूल बाई काढून चालणार नाही. मलूल बाई आजारीही असू शकते, विरहिणीही. ही काम करून दमलेली आहे आणि कामाबद्दल तिची तक्रार नाही. पुढच्या सगळ्या नोंदी याच एका वाक्याशी ताडून बघायच्या.

१४ एप्रिल

अकरा थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, केली. नऊ फुकट गेली.

अडचण हातांची आहे. विदूषकाच्या वर्णनात बाहू गळून पडलेले आहेत. थोड्याच वेळात तोच विदूषक म्हणतो, ही लाल कमळाच्या पाकळीसारख्या बोटांनी चेहरा झाकून दचकल्यासारखी का उभी आहे? मग त्याला चित्रातला भुंगा दिसतो. (आणि राजा, चित्र आहे हे विसरून, त्या भुंग्यालाच दरडावू लागतो.) एकाच चित्रात बाहू ढिले आणि हात तोंडाशी. एका वेळी दोन्ही कसं?

पहिला विचार आला की कवीला तपशिलाचं भान राहिलं नसेल. पण विदूषक एकेक खूण बोटानं दाखवावी तसं बोलतोय, तेव्हा असा निष्काळजीपणा मानायला मन घेईना. शब्द पुन्हा पाहिले. खाली आहेत ते ‘बाहू’, वर आहे तो ‘अग्रहस्त’, म्हणजे हाताचा पुढचा भाग.

१७ एप्रिल

भाचीला विनंती केली आणि तिनं आनंदानं मान्य केली. भरलेली कळशी उचलून झाडाशी न्यायची, ओतायची, परत यायचं. वीस खेपा. मी पायरीवर बसून पेन्सिलीनं टिपणं घेत होते.

सातव्या खेपेपर्यंत काही दिसलं नाही. बाराव्यानंतर खांदे खाली आणि किंचित पुढे आले, मान लांब वाटू लागली. श्वास गळ्याच्या हाडांपाशी दिसायला लागला. शेवटी तिनं तळवे दाखवले, लालभडक. पहिल्या अंकात हेच आहे: घडे उचलून खांदे झुकलेत, तळवे फार लाल झालेत, श्वास अजून खाली बसलेला नाही, सुटलेले केस एका हातानं धरलेत. हा श्लोक मी कितीदा वाचला असेल, पण आज तो शरीरशास्त्राच्या वहीतल्या टिपणासारखा वाटला. कालिदासानं कुणाला तरी पाणी घालताना नीट पाहिलं असणार.

मग ती बेसावध उभी असताना मी तिच्या चेहऱ्याजवळ सुक्या गवताची काडी फिरवली. हात झटकन वर आला, पण फक्त मनगटापासून. कोपर कमरेशीच राहिलं, खांदा जागचा हललाच नाही. दमलेलं अंग दचकायलाही पूर्ण तयार नव्हतं.

सुटलं कोडं. दंड ढिला, कोपर अंगालगत, फक्त बोटं गालापर्यंत. एकाच हातात दोन्ही गोष्टी बसतात. दचकणं क्षणाचं, ते बोटांत. थकवा सकाळपासूनचा, तो खांद्यात. भाव आणि स्वभाव असे एकाच हाताच्या दोन टोकांना ठेवता येतील, हे मला नुसत्या विचारानं कधी सुचलं नसतं.

भाचीला सरबत दिलं. तळव्यांना तूप लावून गेली.

१८ एप्रिल

त्याच मुद्रेची पाच रेखांकनं. तिसरं ठेवलं.

२५ एप्रिल

शिरीष.

राजाला आपलं चित्र अपुरं वाटतं. तो म्हणतो, कानात अडकवलेलं आणि केसर गालापर्यंत लोंबणारं शिरीषाचं फूल काढलंच नाही, शरदातल्या चंद्रकिरणासारखं कोमल कमळतंतूचं सूत्रही छातीवर काढायचं राहिलं.

शिरीष सध्या बहरात आहे, तेव्हा फांदी आणून समोर ठेवली. पाकळ्या जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतो तो केसरांचा झुपका, मुळाशी पांढरट, टोकाला हिरवट-पिवळा. दुपारनंतर सगळं पिवळट पडून आक्रसायला लागलं. ब्रशनं केसर काढू गेलं की दाढीच्या ब्रशासारखं होतं. शेवटी आधी गालाचा रंग पूर्ण वाळू दिला आणि वरून अगदी कोरड्या ब्रशनं, टोकाच्या दोन-तीन केसांनी, फटकारे मारले. पहिल्या अंकात घामानं हे केसर गालाला चिकटलेले असतात, म्हणून दोन केसर वळवून त्वचेला टेकवले. त्या दोन रेषांनी घामाचं काम केलं. थेंब वेगळे काढायची गरज उरली नाही, आणि मला हायसं वाटलं, कारण रंगवलेले घामाचे थेंब मोत्यांसारखे दिसू लागतात.

कमळतंतू मात्र मी काढणार नाही. फूल पहिल्या दिवसाचं, पाणी घालण्याच्या दिवसाचं. कमळाच्या देठाचं कंकण आणि वाळ्याचा लेप ही तिसऱ्या अंकातल्या, प्रेमानं तापलेल्या शकुंतलेची खूण. राजा एका चित्रात दोन दिवस भरू पाहतोय. समजण्यासारखं आहे, त्याला आता सगळेच दिवस एकदम हवेत. पण माझ्या कागदावर ती अजून प्रेमात पडलेली नाही. तिला अजून कुणी पाहतंय हेही माहीत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि थांबले. ज्या क्षणी तो झाडाआड उभा राहून तिला बघत होता, तोच क्षण त्यानं रंगवलाय. पुढे तिनं त्याच्याकडे पाहिलं, लाजली, रुसली, रागावली, त्यातलं काहीच नाही.

३ मे

भिवया. आठ दिवस यातच गेले.

पाचव्या अंकातली शकुंतला माझ्या डोक्यातून जात नाही. भर दरबारात तो ओळख नाकारतो, वर स्त्रियांच्या उपजत चातुर्याबद्दल बोलतो, तेव्हा ती त्याला ‘अनार्य’ म्हणते. स्वतःच्या मनावरून दुसऱ्याला जोखतोस, असं तोंडावर सांगते. तिला नुसती सोशिक समजणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. आणि राजाही तिचा राग पाहतो: डोळे लालबुंद, भिवयांची कमान अशी मोडली की जणू मदनाचं धनुष्यच तिनं रागानं तोडून टाकलं. स्मृती गेलेली असतानाही त्याचं लक्ष भिवयांकडे आहे. चित्रकाराची नजर म्हणायची ती.

ही भिवई त्यानं चित्रात काढलेली नाही, निदान वर्णनात तिचा उल्लेख नाही. त्याला ती आठवत असणारच. पश्चात्तापानं जळणारा माणूस शेवटची भेट सोडून पहिल्या दिवसाचं चित्र काढतो, जेव्हा त्यानं अजून काहीच बिघडवलेलं नव्हतं.

माझ्यापुढे प्रश्न होता तो असा. हे चित्र त्याचं म्हणून काढायचं तर भिवई शांत हवी. पण मला शकुंतलाही काढायची आहे, आणि जी पाचव्या अंकात तसं बोलू शकते ती पहिल्या अंकातही तीच बाई असते. राग त्या दिवशी आला, पण ताठ कणा आधीपासून होता. तो दिसायला हवा, तोही रागाशिवाय.

भिवई उंचावून पाहिली, गर्विष्ठ दिसली. आतलं टोक खाली घेतलं, खाष्ट दिसली. आतलं टोक वर नेलं तर रडवेली, आणि हीच सगळ्यांत मोठी चूक, कारण नायिका म्हटली की हात आपोआप तिकडे वळतो. गेली कित्येक वर्षं मी काढलेल्या बायकांच्या भिवया अशाच वर गेलेल्या आहेत. जुनी चित्रं काढून तपासली तेव्हा कळलं, त्या सगळ्या थोड्याफार एकाच कारणानं दुःखी दिसतात आणि ते कारण माझ्या हाताची सवय आहे.

४ मे

भिवई जवळजवळ सरळ, आतलं टोक दाट, बाहेर जाताना विरत गेलेलं. वळण कमी. पापणी अर्धी खाली, पण नजर जमिनीवर नाही, झाडाच्या आळ्यावर, पाणी मुरतंय का ते बघणारी. हनुवटी खाली नेली नाही. खांदे झुकलेले आणि मान सरळ, एवढ्या विरोधानं काम झालं.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात म्हटलंय की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, बायकांना दागिने आवडतात आणि बाकीच्या लोकांना रंगांची श्रीमंती. बायकांबद्दलचं सोडून देते. पण दुष्यंतही म्हणतो की चित्रात जे साधलं नाही ते वेगळंच होऊन बसतं, तरी तिचं लावण्य रेषेनं थोडंफार पकडलंय. त्याचा भरवसा रेषेवरच आहे. भिवईच्या त्या अर्ध्या सेंटिमीटरवर आठ दिवस घालवल्याचं मला वाईट वाटत नाही.

९ मे

रंग. ग्रीष्मातलं ऊन, म्हणून सावल्यांत अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना, प्रकाशात यलो ऑकर पांढऱ्यात मिसळून. वल्कल गेरूकडे झुकणारं. आंब्याची नवी पालवी तांबूस असते हे विसरून हिरवी काढली होती, दुरुस्त केली. तळव्यांना चित्रातला सगळ्यांत शुद्ध लाल दिला. ओठांना त्याहून कमी.

१३ मे

सख्या. अनसूया आणि प्रियंवदा यांना नुसत्या मागच्या आकृत्या म्हणून ठेवता येत नाही, कारण त्यांच्याशिवाय ‘यातली शकुंतला कोणती’ हा प्रश्नच उभा राहत नाही. त्या तितक्याच देखण्या हव्यात.

इथे राजा रविवर्मांची आठवण झाली. पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून पाहणारी त्यांची शकुंतला. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, त्यानंतर त्यांच्या पौराणिक नायिका छापील चित्रांतून घराघरांत पोचल्या, आणि आपल्या मनातली शकुंतला बरीचशी त्यांनीच घडवली. त्या चित्राला आधार आहे तो दुसऱ्या अंकातल्या राजाच्या आठवणीचा: दर्भाचा अंकुर बोचला म्हणत ती मध्येच थांबली, आणि फांदीत न अडकलेलं वल्कल सोडवत मान वळवून उभी राहिली. मुद्दा त्या ‘न अडकलेलं’ या शब्दात आहे. ती युक्ती करते आहे आणि तिला ती जमते. भोळी म्हणून जिची ख्याती, तिला किती नेमकं कळतं! रविवर्मांनी नाटकातली युक्ती ओळखली, तिथे त्यांचं मोठेपण आहे. माझ्या चित्रात ती वेळ अजून यायची आहे, पण डोळ्यांत ती हुशारी असायला हवी, म्हणून बुबुळातला प्रकाशबिंदू पुन्हा तीक्ष्ण केला.

अनसूयेचा चेहरा गंभीर ठेवला, प्रियंवदेचा हसरा.

२१ मे

विदूषकाची परीक्षा घ्यायची ठरवली. ज्याला नाटक माहीत नाही अशा माणसाला चित्र दाखवायचं.

भाचा आला होता. त्याला एवढंच सांगितलं की तिघींपैकी एक नायिका आहे.

“कोण वाटते?”

त्यानं बराच वेळ पाहिलं आणि अनसूयेवर बोट ठेवलं. “ही. हिला कसलं तरी दुःख आहे, आत्या.”

मग मावशीला बोलावलं. मावशीचं ‘शाकुंतल’ बरंचसं पाठ आहे, त्यामुळे ती परीक्षा म्हणता येणार नाही. तिनं शकुंतला लगेच ओळखली, पण म्हणाली, “अगं, ही दमलीय खरी, पण या दुसरीकडे, अनसूयेकडे, बघितलं की लक्ष तिकडेच जातं. तिचे डोळे फार बोलतात.”

दोघांचंही बरोबर आहे. अनसूया काढताना हाताची जुनी सवय परत आली. भिवईचं आतलं टोक वर गेलंय. आपण दुःखालाच नायिका समजतो, आणि बघणारेही तसंच समजतात.

२३ मे

अनसूयेची भिवई खाली आणली, तिची नजर शकुंतलेच्या हाताकडे वळवली. प्रियंवदेचीही. आता दोघी तिच्याकडे बघतात आणि ती झाडाकडे. एवढ्यानंच रचना बदलली.

२६ मे

एक प्रयोग, मूळ चित्रावर नाही, वेगळ्या कागदावर.

विदूषकानं ओळखल्यावर राजा म्हणतो, इथे माझ्या भावाचीही खूण आहे: कडेच्या रेषांवर घामेजलेल्या बोटांचे मळकट डाग, आणि गालावर पडलेलं आसू, जे रंग फुगल्यानं दिसतंय. मूळ शब्द ‘वर्तिकोच्छ्वास’ असा आहे. रंगानं श्वास सोडावा तसं.

वाळलेल्या अपारदर्शक रंगावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला. रंग सैल होऊन थेंबाच्या कडेला सरकला, मधे फिकट वर्तुळ राहिलं आणि कागद किंचित फुगला. दीड हजार वर्षांहून जुनं ते निरीक्षण माझ्या टेबलावर जसंच्या तसं. नायिकेच्या गालावरचं आसू नायिकेचं नाही, चित्रकाराचं आहे. न सांगता कुणी पाहिलं असतं तर तिलाच रडवेली समजलं असतं. तिच्या चेहऱ्यावर आपण जे वाचतो त्यातलं किती रंगवणाऱ्याचं असतं, हे मी आता प्रत्येक चित्रापुढे स्वतःला विचारीन.

मूळ चित्रावर तो डाग घालणार नाही. ते त्याचं आसू आहे, मी ते उसनं घेऊ शकत नाही.

३१ मे

भाच्याचा एक मित्र आला होता. तिघी दाखवल्या.

“ही,” तो म्हणाला, शकुंतलेकडे बोट करून. “काम हिनंच केलंय ना?”

मी फक्त हो म्हटलं.

५ जून

राहिलेलं शेवटचं. राजाला आणखी काढायचं आहे: वाळूत हंसांची जोडी विसावलेली मालिनी नदी, भोवती हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर आणि त्यावर बसलेली हरणं, वल्कलं वाळत घातलेलं झाड. आणि त्या झाडाखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी हरिणी. दासीला तो रंगपेटी आणायला पाठवतो, पण राणी वसुमती ती वाटेतच हिसकावून घेते. हे सगळं न काढताच राहतं.

नदी आणि डोंगर मी फिकट वॉशमध्ये सुचवून सोडले. हरणांना वेळ देते आहे.

पाचव्या अंकात शकुंतला त्याला ओळख पटवायला एक आठवण सांगते. दीर्घापांग नावाचं पाडस होतं. तुम्ही पाणी धरलंत, ते जवळ आलं नाही. मी धरलं, ते प्यायलं. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, प्रत्येकाचा आपल्या माणसावर विश्वास असतो, तुम्ही दोघंही रानातली. दरबारात त्यानं ही आठवणही धूर्तपणा म्हणून झिडकारली. आणि आता त्याला हरिणीच काढायची आहे, जी डोळ्यासारखी नाजूक जागा शिंगाच्या टोकाला निर्धास्त टेकवते.

काळविटाची शिंगं पीळदार, टोकाला अणकुचीदार. नराचं अंग गडद, डोळ्याभोवती पांढरं कडं, मादी बदामी. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा डोळा आणि शिंग यांत अंतर राहिलं होतं, माझ्याच हाताला भीती वाटली म्हणून. पुसून पुन्हा काढलं. आता पापणी मिटलेली आहे आणि शिंग तिला टेकलेलं आहे. नराची मान मात्र अजून जमत नाही. ती अगदी स्थिर हवी, श्वास रोखून धरल्यासारखी. उद्या सकाळच्या उजेडात पुन्हा.